विहिरीला शून्य

ज्या फितीत माझी वहिनी विहीर उतरते, त्या फितीला मी शून्य मार्क दिले आणि मग तिचे तुकडे केले. दोन्ही कामं शुद्धीवर असताना केली. त्या वेळी मी नगरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो, अर्थशास्त्र मला समजतं अशी माझी समजूत होती आणि पब्लिकची नाडी कळते अशी खात्री होती. तिन्हींपैकी कॉलेजात होतो एवढंच खरं. बाकी दोन्हींचा निकाल त्याच वर्षी लागला.

साल दुष्काळाचं. शनिवारी दुपारच्या एस्टीनं मी घरी जायचो. पारनेरच्या अलीकडे आमचा फाटा. तिथं उतरलं की गाव दिसायच्या आधी ऐकू यायचं. अख्खं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत बसलेलं असायचं, आणि लांबून त्या हातोड्यांचा आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खरंच आभाळाकडे बघितलं होतं. त्या गारांमध्ये आमचा दादा असायचा, वहिनी असायची, मला चौथीला गणित शिकवणारे गुरुजीसुद्धा असायचे. मी कॉलेजची इस्त्रीची पँट घालून त्यांच्यामधून चालत घरी जायचो. कोणी काही बोलायचं नाही; वहिनी तेवढी हातोडी थांबवून म्हणायची, "आलं का सायेब? वाईच धुळीतून चाला, पँटीला गाव लागू द्या."

घरात रेशनची लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटायची, तव्यावर टाकली की तडकायची आणि गार झाली की कौलासारखी वाजायची. वहिनी ती आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ताटात ठेवताना मुद्दाम टक् करून वाजवायची, आणि आबा न हसता म्हणायचे, "आली का सरकारची घंटी." रविवारी मात्र हुलग्याचे शेंगोळे. हुलगे कुठून तरी जपून ठेवलेले असायचे. लसूण-मिरचीच्या पाण्यात ती वळवलेली बोटं रटरट शिजायला लागली की घराला घरपण यायचं. आजही कुठे शेंगोळ्यांचा वास आला की मला आधी भूक लागते आणि लगेच तोंड लपवावंसं वाटतं. का ते पुढे येईलच.

वहिनी कर्जतकडची. आमच्यापेक्षाही कोरडा मुलूख, पण बाईच्या जिभेला पाण्याचा कधी तोटा नव्हता. तिची एक खोड होती. ती माणसांच्या चाली काढायची. तलाठी कसा चालतो, मारुतीचा पुजारी कसा, खुद्द सासू कशी, हे ती चुलीपासून उंबऱ्यापर्यंतच्या चार पावलांत करून दाखवायची. आई पदर तोंडात कोंबून हसायची आणि मग म्हणायची, "माझी काढलीस का गं, सटवे?" पाठमोरा माणूस अर्ध्या कोसावरून ओळखायची ती, केवळ चालीवरून.

माझा दोस्त दिनकर साळवे भिंगारचा. त्याचे वडील कॅम्पातल्या एका रिटायर कॅप्टनच्या बंगल्यावर बाग बघायचे. त्या कॅप्टनकडे आठ एमएमचा एक छोटा कॅमेरा आणि फिल्म दाखवायचं मशीन होतं. म्हाताऱ्यानं दोन्ही दिनकरला वापरायला दिलं, शिवाय सहा रिळं. एकेक रीळ चार मिनिटांचं, आवाज नाही, रंग नाही. आणि यातली एक गोष्ट वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावी: त्या फितीची दुसरी प्रत निघत नसे. मुंबईहून धुऊन जी येई तीच फिल्म. कात्री लावली की लावली.

दिनकरची गोष्ट साधी होती. नवरा दुष्काळात मुंबईला जातो, बायको मागे राहते. नवरा व्हायला कॉलेजातली अकरा पोरं तयार होती, बायको व्हायला एकही मुलगी तयार होईना. एका रविवारी दिनकर माझ्या घरी शेंगोळे खाता खाता हे रडगाणं सांगत होता, तर चुलीपुढून वहिनी म्हणाली, "मी करते की."

दादाचा घास हातातच राहिला. आबांनी मात्र शांतपणे विचारलं, "काय करायचं असतं त्यात?"

"विहिरीत उतरून पाणी आणायचं," दिनकर म्हणाला.

"पानी खरं का नाटकातलं?"

"खरं."

"मग जाऊ दे. तेवढीच एक घागर यील," आबा म्हणाले, आणि आमच्या घराण्यातल्या पहिल्या नटीला परवानगी मिळाली.

नंतर भांडी घासताना ती मला म्हणाली, "भावजी, मला पैशे नगं, काय नगं. फकस्त मला ते दाखवायचं. समद्या गावाची चाल मला ठावं हाय. माझी मी चालते कशी, ते मला कुटं दिसतंय?"

"आरशात बघ," मी म्हणालो.

"आपला आरसा केवढा? नाक बघितलं तर कपाळ ऱ्हातंय. त्यात काय चालू?"

"दाखवतो," मी म्हणालो. "शब्द दिला." शब्द द्यायला मला तेव्हाही काही लागत नसे.

विहिरीचं काम भर दुपारी झालं. तळाला एक हातभर डबकं उरलं होतं, त्यात दिवसभरात जेमतेम एक घागर झिरपायची. म्हणजे दुसऱ्यांदा घ्यायची सोयच नव्हती. वहिनी वरून पायऱ्या उतरत गेली, खालच्या पायऱ्या ढासळलेल्या, तिथं ती पाऊल टाकायच्या आधी पायानं दगड चाचपायची. तळाशी बसून वाटीवाटीनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि तशीच वर आली, हात न लावता. वर आल्यावर रस्त्याकडे बघायचं, असं दिनकरनं सांगितलं होतं. तिनं रस्त्याकडे बघितलं, आणि मग न सांगता सरळ कॅमेऱ्यात बघितलं. तीन मिनिटं. दिनकरनं कॅमेरा खाली घेतला आणि तिथंच धुळीत बसकण मारली. मी म्हणालो, "ऊन लागलं का रे?"

मला आवडलेलं काम दुसरंच होतं. ती भाकरी खात बसलेली असताना शेजारच्या भामाकाकूंची शेळी आली, भाकरी पळवली, आणि वहिनी पदर खोचून तिच्यामागे धावली. ते गोष्टीत नव्हतंच. दिनकरचं बोट बटणावर राहिलं म्हणून ते फितीवर आलं.

आता ट्रेलर. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी आमची फिल्म हॉलमध्ये दाखवायची ठरली, पण पोरं यावीत म्हणून पहिल्या दिवशी तिचं तीन मिनिटांचं ट्रेलर दाखवा, असं गॅदरिंगचं बघणाऱ्या सरांनी सांगितलं. दिनकर म्हणाला, ट्रेलर म्हणजे विहीर. बाकी काही नको. बाई उतरते, बाई वर येते, आपल्याकडे बघते. संपलं.

"पोरं झोपतील," मी म्हणालो. "पब्लिकला काय पाहिजे ते पब्लिकलाच विचारू."

ही अक्कल मला जत्रेतल्या तंबू टॉकीजच्या मॅनेजरकडून मिळाली होती. तो माणूस सिनेमा कधीच बघायचा नाही. तंबूबाहेर खुर्ची टाकून पाठमोरा बसायचा आणि आतलं पब्लिक ऐकायचा. कुठे शिट्टी पडली, कुठे हशा झाला, त्यावरून दुसऱ्या दिवशी भोंग्यावर काय ओरडायचं ते ठरवायचा. मला वाटलं, हे शास्त्र आहे. मी दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. हशा, टाळी, शिट्टी. दिनकर म्हणाला, "एवढंच?" मी म्हणालो, "माणूस याशिवाय करतो काय?"

गावच्या शाळेत रविवारी दुपारी खेळ लावला. खिडक्यांना पोती टांगली. शाळेच्या दोन खोल्यांमधलं लाकडी पार्टिशन काढून तिथं ओलं धोतर ताणलं. मशीनच्या बाजूच्या खोलीत पुरुष, धोतराच्या पलीकडच्या खोलीत बाया. गावात कोणताही खेळ असाच व्हायचा. बायांना चित्र उलटं दिसायचं, डावं उजवीकडे, पण त्याबद्दल कधी कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मी वही घेऊन पुरुषांच्या खोलीत भिंतीला टेकून उभा राहिलो. पलीकडे जायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तर लाजलो असतो, ते निराळं.

वहिनी त्या खेळाला नव्हती. शहरातून माझे आठ दोस्त आले होते, त्यांच्यासाठी शेंगोळे व्हायला हवे होते. मीच म्हणालो होतो, "वहिनी, तू हे उरक. तुला गॅदरिंगला मोठ्या पडद्यावर दाखवतो. इथं धोतरावर काय बघायचं?" ती म्हणाली, "बरं." पीठ मळलेले हात पुसत दारापर्यंत आली आणि शाळेकडे निघालेल्या बाया बघत उभी राहिली.

खेळ रंगला. फिल्ममधला रस्त्याच्या कामावरचा मुकादम खड्ड्यात पडला तिथं हशा, शिट्ट्या. शेळी आली आणि शाळेचे पत्रे उडायची वेळ आली; माझ्या वहीत खुणांची रांग लागली. मग विहीर लागली. तीन मिनिटं कोणी खोकलंसुद्धा नाही. मी पेन्सिल धरून उभा. हशा नाही, टाळी नाही, शिट्टी नाही. तिन्ही रकान्यांत शून्य घातलं आणि वळणदार घातलं. पुढे दारात उभा राहून मी प्रत्येकाला विचारलं, काय आवडलं. "शेळी लई भारी." "मुकादम पडला त्ये पुन्यांदा लावा." "माझा बैल का न्हाई घेतला?" एक म्हातारे धोंडीबातात्या म्हणून होते, ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी विचारलं, "तात्या, विहीर?" ते म्हणाले, "हां, हीर," आणि काठी टेकत निघून गेले. मी लिहिलं: मत नाही.

संध्याकाळी वहिनी तोंडभर हसत आली. "भावजी, भामाकाकू काय म्हनत हुत्या ठावं हाय? म्हनं, तू त्या पडक्या पायऱ्यांवर आलीस आन् आमी समद्या पोरी-बाया दम धरून पावलं मोजाय लागलो. दोघी-तिघी तर रडल्या म्हनं. मी उलट्या हातानं घागर धरली हुती का वो?"

"पडद्यामागून उलटंच दिसतं," मी म्हणालो.

"पर रडल्या म्हनं."

"वहिनी, रडण्याला माझ्या वहीत रकाना नाही," मी म्हणालो. मला ते वाक्य फार चटकदार वाटलं होतं. मी ते नंतर हॉस्टेलवर दोघा-तिघांना सांगितलंही.

दिनकरपुढे मी वही टाकली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला. "म्हणजे लोकांना ती नको?" त्यानं विचारलं. "मी नाही, वही म्हणते," मी म्हणालो. तो गरिबाघरचा, सरळ पोरगा. लोक म्हणजे काय आणि माझी वही म्हणजे काय, हा फरक करायचं त्याच्या मनात आलं नाही. त्याच आठवड्यात त्याच्या वडिलांना ताप भरला आणि तो भिंगारला गेला. जाताना कात्री आणि चिकटवायचा डिंक माझ्या हाती देऊन गेला.

हॉस्टेलच्या पत्र्याच्या खोलीत मी ट्रेलर बनवलं. मुकादम, बैलगाडी, मधे नवरा, शेवटी शेळी. बनवून झाल्यावर लक्षात आलं की मशीनमध्ये फीत अडकवायला पुढे-मागे चार-चार फूट फालतू फीत लागते. ती दाखवायची नसते, नुसती दात्यांमधून जाते. फालतू फीत कुठून आणायची? वहीत बघितलं. शून्य एकालाच होतं. मी विहिरीची फीत घेतली, चार फूट कापून सुरुवातीला मुकादमाच्या पुढे लावली, चार फूट शेवटी शेळीच्या मागे लावली. कात्री नीट चालते का ते बघायला आणखी चार-पाच तुकडे केले. त्यातला वीतभराचा एक मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात खूण म्हणून घातला. उरलेलं भेंडोळं खिडकीत ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस, वर तापलेला पत्रा. आज लिहिताना वाटतं, एखाद्या माणसानं ठरवून वैर धरलं असतं तरी त्याला एवढं व्यवस्थित जमलं नसतं.

गॅदरिंगचा पहिला दिवस आमच्याकडच्या बाजाराचा, म्हणजे कामाला सुट्टी. दादा आणि वहिनी दुपारच्या गाडीनं आली. वहिनी लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती, हातात पितळी डबा. "शेंगोळं हायती, दिनकरभावजींना बी द्या." मी त्यांना तिसऱ्या रांगेत बसवलं. खिडक्या लावल्या. दिनकर मशीनवर, मी शेजारी, मुक्या ट्रेलरवर बोलायला एका हातात माईक. पुढचे चार फूट पडद्यावर पडू नयेत म्हणून भिंगापुढे तळहात धरायचा हे माझं काम. दिनकरनं फीत अडकवताना ती डोळ्यांपाशी नेली आणि थांबला.

"हे शेपूट कशाचं लावलंस?"

"फालतू होती," मी म्हणालो. "चालू कर, सर बघतायत."

मशीन घरघरलं. मी तळहात धरला आणि उजेड माझ्या हातावर पडला. अंधूक, पसरलेला, कडा नसलेला. पण पायऱ्या होत्या. एक बाई उतरत होती. घागर कमरेला, पाऊल टाकायच्या आधी थांबत, दगड चाचपत. मला तिचा चेहरा दिसला नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा पाठमोरं माणूस मी चालीवरून ओळखलं. किती शांत चालायची ती. आमच्या घरात सारखी बडबडणारी, नकला करणारी बाई एकटी असताना अशी चालते, हे मला माहीतच नव्हतं. वीसेक सेकंद ती माझ्या तळहातावर उतरत राहिली. हात काढला असता तर उरलेलं तिला दिसलं असतं. हे मला तेव्हाच सुचलं होतं. नंतर सुचलं असं मी आजवर लोकांना सांगत आलो, ते खोटं आहे. पण सर बघत होते, पोरं शिट्ट्यांच्या तयारीत होती, आणि हातात माईक होता. मी हात काढला तेव्हा मुकादम खड्ड्यात पडत होता.

शेळी आली तेव्हा हॉल कोसळला. "शेळीवाली, शेळीवाली," पोरं बाकं बडवत होती. पडद्यावर वहिनी पदर खोचून धावत होती आणि तिसऱ्या रांगेत वहिनी पदर पुढे ओढून बसली होती. माझं शास्त्र शंभर टक्के बरोबर ठरलं.

मी त्यांना एस्टी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. दादा पुढे चालत होता. स्टँडच्या दारात ती म्हणाली, "ती मीच का, शेळीमागं पळत हुती ती?"

"हो."

"आन् हीर?"

"लांब झाली होती. लोकांना... बसली नसती."

"पळताना दिसले म्हनायचं," ती म्हणाली. "चालताना न्हाई." मग दादानं हाक मारली आणि ती गेली. खिडकीतून म्हणाली, "डबा आणा मागं. सासूबाईंचा हाय."

दिनकरनं खोलीवर येऊन एकच प्रश्न विचारला: बाकीची फीत कुठे आहे. मी खिडकीकडे बोट केलं. भेंडोळं उन्हानं एकजीव झालं होतं. तो कितीतरी वेळ नखानं एकेक वेढा सोडवत राहिला आणि वरचा काळा थर त्याच्या बोटांना लागत राहिला. मग त्यानं ते जागेवर ठेवलं, हात धुतले आणि भिंगारला निघून गेला. डब्यातले शेंगोळे तसेच राहिले. तो माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर आज कदाचित त्याचा पत्ता माझ्याकडे असता. ट्रेलरचे तुकडे मी परत फिल्ममध्ये चिकटवले, आणि दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. शेळी आली तेव्हा कोणी हसलं नाही. आदल्या दिवशी हसून झालं होतं. शेवटी सर म्हणाले, "छान आहे, पण मधे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं."

वहिनीनं पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्यानंतर तिनं माझी चाल कधी काढून दाखवली नाही. बाकी सगळ्यांची काढायची.

मागच्या दिवाळीला जुनी पुस्तकं रद्दीत काढताना अर्थशास्त्राच्या पुस्तकातून ती वीतभर फीत पडली. चौकटी नखापेक्षा लहान. भिंग लावून बघितलं, तर प्रत्येकीत एक पायरी आणि एक पाऊल, दगड चाचपणारं. मी ती घेऊन गावी गेलो. वहिनी आता काठी घेऊन चालते. दादा नाही. तिची नात शेजारी बसली होती. आजीला स्वतःची चाल बघायची होती एवढं मी बोलताच तिनं मोबाईल काढून ओट्यापासून दारापर्यंत चालणाऱ्या आजीचं चित्रीकरण केलं आणि तिच्यापुढे धरलं. वहिनीनं ते डोळे बारीक करून शेवटपर्यंत बघितलं.

"दिसली का तुझी चाल?" मी विचारलं.

"ही म्हातारी हाय कुनीतरी," ती म्हणाली. "मला ती बघायची हुती."

मी फीत आणि भिंग तिच्या हातात दिलं. पन्नास वर्षं जे सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं: वही, रकाने, शेपूट, तळहात, पुस्तकातली खूण. तिनं फीत उजेडाकडे धरली, एका चौकटीवर बराच वेळ भिंग ठेवलं, मग दोन्ही माझ्या मांडीवर ठेवून दिलं.

"कंच्या पुस्तकात घातलं हुतं मला?"

"अर्थशास्त्राच्या."

"आन् त्यात बी तुमी नापासच झाला."